‘एकटी’ : पृष्ठावरील शब्दाविषयी तळटीप

* हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’ (२००७) या कादंबरीत नायिकेची कथा पती, मेहुणा व बहीण यांच्या दृष्टीतून उलगडते आणि तिचे स्वतःचे म्हणणे काही स्वप्नांच्या तुकड्यांपुरतेच उरते. ही रचना ज्या वाचकास परकी भासेल, त्याने पाथर्डी तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणारी टोळी स्मरावी, जिच्यात मुकादमाच्या हिशेबी पती-पत्नी मिळून एकच ‘कोयता’ गणला जातो, उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते, आणि पाच-सहा महिने फडात शेजारी राबूनही स्त्रीचे नाव दफ्तरात क्वचितच स्वतंत्र दाखल होते. सहवास व एकाकीपण यांना आपण विरोधी मानतो, ते कदाचित घाईने. एकट्या माणसातही सहवास असू शकतो: पाथर्डीच्याच जिल्ह्यातील दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू व दया या आपल्याच दोन नावांना समोरासमोर बसविले. — संपा.