गर्भिणीचे वजन : एका आकड्याचा इतिहास

गरोदरपणात स्त्रीचे वजन किती वाढावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शरीरशास्त्राचा वाटतो. मोजमाप करावे, सरासरी काढावी आणि आकडा सांगावा, एवढेच त्यात काम आहे असे वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य प्रसूतिशास्त्राने दिलेले आकडे क्रमाने पाहिले, तर निराळीच गोष्ट लक्षात येते. ज्या काळी प्रसूतिगृहात ज्या संकटाचे भय प्रबळ होते, त्या भयाने त्या काळचा आकडा ठरविलेला आहे. जन्माला येणाऱ्या मुलाची साक्ष मात्र फार उशिरा घेतली गेली.

या इतिहासाचा आरंभ १८८९ मध्ये हँबर्ग येथील वैद्य लुडविग प्रोखोव्हनिक यांच्या आहारनियमापासून धरता येतो. बालपणी मुडदूस होऊन ज्यांची श्रोणी अरुंद राहिली, अशा स्त्रियांची प्रसूती त्या काळी प्राणावर बेतत असे. उदरच्छेदाची शस्त्रक्रिया धोक्याची होती. पुष्कळदा अर्भकाचे मस्तक फोडून मातेला वाचवावे लागे. प्रोखोव्हनिक यांनी अशा स्त्रियांना अखेरच्या आठवड्यांत पिष्टमय पदार्थ व पाणी कमी देण्यास सांगितले. मूल लहान राहावे, हाच त्यामागील स्पष्ट हेतू होता. उपाय मोजक्या अडलेल्या स्त्रियांसाठी होता. परंतु गर्भिणीने कमी खाणे हिताचे, हा विचार पुढे सरसकट सर्वांना लागू झाला.

दुसरे भय एक्लॅम्प्सियाचे, म्हणजे रक्तदाब वाढून येणाऱ्या आकडीचे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नटंचाई असता हा विकार कमी आढळल्याचे तेथील वैद्यांनी नोंदविले. त्यावरून वजन आवरले म्हणजे रोग आवरतो, असे अनुमान निघाले आणि अमेरिकेत कित्येक दशके वाढीला १५ ते २० पौंडांची मर्यादा घातली गेली. वस्तुतः या विकारात अंगावर सूज येते व त्या सुजेमुळे वजन झपाट्याने वाढते. येथे रोगाचे लक्षणच रोगाचे कारण मानले गेले. या गल्लतीपायी असंख्य निरोगी स्त्रिया वैद्यांच्या आज्ञेने अर्धपोटी राहिल्या.

उपासाचा गर्भावर होणारा परिणाम दुसऱ्या महायुद्धाने उघड केला. सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलंड्समधील रेल्वे कामगारांनी संप पुकारला. जर्मन सत्तेने अन्नाची वाहतूक रोखली आणि पश्चिमेकडील शहरांतला शिधा त्या हिवाळ्यात दिवसाला १,००० कॅलरींच्याही खाली गेला. मे १९४५ मध्ये मुक्तता होताच उपासमार संपली. दुष्काळाला असा निश्चित आरंभ व अंत असल्यामुळे, आणि जन्मनोंदी जपल्या गेल्यामुळे, कोणत्या महिन्यात अन्न तुटले असता काय घडते हे ताडून पाहता आले. झेना स्टाइन, मर्विन सुसर व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावरून दिसते, की अखेरच्या तिमाहीत उपाशी राहिलेल्या मातांची मुले सुमारे ३०० ग्रॅमने हलकी निपजली. उलट, केवळ आरंभीचे महिने दुष्काळात गेलेल्यांच्या मुलांचे जन्मवजन फारसे घटले नाही. तथापि त्यांच्यात पुढे स्थूलता व हृदयविकार अधिक आढळले. सारांश, जन्माच्या वेळचा तराजूही संपूर्ण सत्य सांगत नाही.

१९६४ मध्ये हिटन व लाइच यांनी भुकेप्रमाणे जेवणाऱ्या निरोगी स्त्रियांची सरासरी वाढ १२.५ किलो मानली. तीतले सुमारे साडेतीन किलो मातेच्या अंगी साठणाऱ्या चरबीचे असतात. ही शरीराची तरतूद होय, आळसाचे फळ नव्हे. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९७० मध्ये जुनी मर्यादा सोडून सरासरी २४ पौंडांची वाढ योग्य ठरविली. तेथील बालमृत्यू व अपुऱ्या वजनाची मुले, हे आता नवे भय होते. १९९० मध्ये तेथील वैद्यकसंस्थेने सर्वांसाठी एकच आकडा देणे सोडले: गर्भधारणेपूर्वी कृश असलेल्या स्त्रीस १२.५ ते १८ किलो, मध्यम बांध्याच्या स्त्रीस ११.५ ते १६ किलो. २००९ मध्ये स्थूल स्त्रियांसाठी ५ ते ९ किलोंची मर्यादा आली. कारण वाढ अपुरी राहिली तर मूल अशक्त होते, अतिरेकी झाली तर मूल अवजड होऊन शस्त्रक्रियेचा प्रसंग वाढतो.

या आकड्यांची खरी कसोटी महाराष्ट्रात लागली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी गर्भिणींचा अभ्यास केला. त्या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो, तर त्यांच्या मुलांचे जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. मुलाचा आकार एकूण कॅलरींपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांच्याशी अधिक निगडित दिसला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना करता ही मुले अंगाने बारीक असूनही त्वचेखालची चरबी त्यांनी बरीच राखलेली होती. अशा देहात पुढे मधुमेहाचा संभव असतो. येथे नऊ महिन्यांतली वाढ हा प्रश्नाचा केवळ शेवटचा भाग ठरतो. मुलीच्या बालपणापासूनचे कुपोषण हा त्याचा आरंभ होय.

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ शब्दावरून आलेला आहे, आणि सुश्रुतसंहितेत गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले असून तिची इच्छा पुरवावी असे सांगितले आहे. तरीही भारताच्या अनेक भागांत, मूल मोठे झाल्यास अडेल, या भीतीने गर्भिणीचे जेवण कमी केले जाते. हँबर्गच्या वैद्याचे आणि खेड्यातल्या सासूचे भय मुळात एकच आहे, आणि अडलेल्या प्रसूतीला जेथे वेळेवर मदत मिळत नाही तेथे ते निराधारही नाही. म्हणून गर्भिणीला पोटभर व सकस खाण्याचा उपदेश करताना सुरक्षित प्रसूतीची हमीही द्यावी लागते. ती हमी नसेल, तर कोणताही आकडा तिच्या ताटापर्यंत पोहोचणार नाही.