हव्रुता : जोडीने वाचण्याच्या रीतीची कुळकथा

हव्रुता हा अरामी भाषेतला शब्द आहे. सोबत, संगत हा त्याचा मूळ अर्थ. पण ज्यूंच्या धर्मपाठशाळांत, म्हणजे येशिवांत, दोन विद्यार्थ्यांनी समोरासमोर बसून एकच उतारा मोठ्याने वाचावा, त्याचा अर्थ लावावा आणि एकमेकांनी लावलेला अर्थ खोडून पाहावा, या अभ्यासरीतीला तो शब्द लागू झाला आणि पुढे रीतीबरोबर त्या जोडीदारालाही तेच नाव मिळाले. हाइम पोटोक या अमेरिकन ज्यू लेखकाची १९६७ साली प्रसिद्ध झालेली ‘द चोझन’ ही कादंबरी दोन किशोरवयीन मुलांच्या मैत्रीची गोष्ट म्हणून वाचली जाते. त्या मैत्रीचा कणा मात्र ही अभ्यासरीत आहे, आणि कादंबरीवर उमटलेल्या परस्परविरोधी प्रतिक्रियांचा उलगडा करायचा तर आधी या शब्दाचे कूळ तपासावे लागते.

जोडणे, सांधणे असा अर्थ असलेला धातू या शब्दाच्या मुळाशी आहे. त्यापासून हिब्रूत हावेर म्हणजे मित्र आणि हेव्रा म्हणजे मंडळ असे शब्द तयार झाले. विसाव्या शतकात किबुत्झ या सामूहिक वसाहतीच्या सभासदालाही हावेर म्हणू लागले. त्याआधी, मिश्ना या विधिसंहितेच्या काळात, शुद्धाशुद्धतेचे आणि धान्याच्या दशमांशाचे नियम काटेकोरपणे पाळण्याचे ज्याने स्वीकारले आहे अशा मंडळीतल्या माणसाला हावेर ही संज्ञा होती. म्हणजे या मित्रपणात जिव्हाळ्याइतकाच, किंबहुना जिव्हाळ्याच्याही आधी, एखादा नेम दोघांनी मिळून चालवण्याचा भाग येतो. मराठीतला सोबती वाटेवरचा असतो, सवंगडी खेळातला असतो, जिवलग अंतःकरणातला असतो. हावेर हा व्रतातला आहे.

निजामाच्या संस्थानात राहिलेल्या मराठी मुलखाला या अर्थच्छटेसाठी आणखी एक शब्द जवळचा ठरावा. तिथे १९४८ पर्यंत घरात मराठी आणि कचेरीत व वरच्या शिक्षणात उर्दू असा दुहेरी व्यवहार चाले. एकाच उस्तादापाशी एकच धडा घेणाऱ्याला फारसी-उर्दूत हमसबक म्हणतात. वर्गमित्र या शब्दात नुसता वर्ग आहे, हमसबक या शब्दात धडा आहे, आणि हव्रुतेचा अर्थ वर्गापेक्षा धड्याशी अधिक लागून आहे.

रीतीचे दाखले ज्या ग्रंथात सापडतात तो तालमूद हा मिश्ना आणि तिच्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची चर्चा यांचा अफाट संग्रह असून त्याची बाबिलोनी आवृत्ती साधारण सहाव्या शतकापर्यंत आकाराला आली. त्यातील एका कथेत होनी नावाचा पाऊस पाडणारा सत्पुरुष सत्तर वर्षे झोपून उठतो आणि पाठशाळेत जातो, तेव्हा तेथील पंडित होनीच्या काळी प्रत्येक शंका कशी सुटत असे याची वाखाणणी करत असतात. परंतु तो होनी आपणच, हे त्याचे सांगणे कोणालाही पटत नाही, आणि बरोबरीने बोलणारे कोणी उरले नाही या दुःखाने तो मरण मागून घेतो. संगत नसेल तर मरण बरे, अशा आशयाची एक लोकरूढ म्हण तालमूदाने या कथेला जोडली असून हव्रुता हा शब्द त्या म्हणीतच येतो. होनीला लोक मान देत होते, पण तो मान त्याच्या नावाला होता. समोर बसून त्याच्याशी तंडणारा कोणी नव्हता.

दुसरी कथा अधिक कडवट आहे. तिबेरियाचे रब्बी, म्हणजे धर्मपंडित, योहानान यांनी रेश लाकिश या लुटारूला विद्येकडे वळवले, त्याला आपली बहीण दिली आणि पुढे तोच त्यांचा सहाध्यायी झाला. तलवार, सुरी, खंजीर यांची घडण कोणत्या क्षणी पुरी झाली असे मानायचे, भट्टीतून काढल्यावर की पाण्यात बुडवल्यावर, असा वाद एकदा निघाला, कारण वस्तू पुरी झाल्याशिवाय तिला विटाळ लागत नाही. त्या वादात योहानान यांनी लुटारूला हत्यारांची माहिती असणारच असा टोमणा मारला. बोलणे वाढले, मने तुटली आणि रेश लाकिश खंगून मेला. योहानान यांचे दुःख हलके व्हावे म्हणून दुसरा एक विद्वान त्यांच्यापाशी बसवण्यात आला, तेव्हा तो त्यांच्या प्रत्येक विधानाला जुन्या परंपरेतला अनुकूल आधार काढून देऊ लागला. त्यावर योहानान चिडले. रेश लाकिश एका विधानावर चोवीस हरकती घेई, त्यांना चोवीस उत्तरे द्यावी लागत आणि त्यातून विषय रुंदावत जाई, असे म्हणत ते त्याच्या नावाने आक्रोश करत राहिले आणि अखेर त्यांना वेड लागले. हव्रुतेची याहून नेमकी व्याख्या मिळणे कठीण आहे, आणि तिचा धोकाही त्याच कथेत सांगून ठेवलेला आहे.

भारतीय शास्त्रपरंपरेला हा विचार परका नाही. न्यायसूत्रांनी चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले आणि त्यांतला वाद, म्हणजे जिंकण्यासाठी नव्हे तर तत्त्व कळावे म्हणून केलेली चर्चा, ज्यांच्याशी करावी त्यांत गुरू आणि शिष्य यांच्याबरोबर सब्रह्मचारी, अर्थात सहाध्यायी, यालाही गणले. चरकसंहितेत वैद्याने त्याच विद्येच्या दुसऱ्या वैद्याशी करायच्या बोलण्याला तद्विद्यसंभाषा असे नाव असून तिचे संधाय, म्हणजे सलोख्याची, आणि विगृह्य, म्हणजे कुरघोडीची, असे दोन भेद सांगितले आहेत. वेदपाठशाळेतली संथा मात्र वेगळी: तेथे गुरूने म्हटलेले शिष्याने पुन्हा म्हणून घोटायचे असते, त्यात हरकतीला जागा नसते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथील गोरोबाकाकांची कथा या संदर्भात वारकरी वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही. जमलेल्या संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कुठले मडके कच्चे ते गोरोबांनी पाहिले आणि नामदेवाचे कच्चे निघाले, या कथेत पारख करणारा गुरू नाही, पंगतीतलाच सोबती आहे. नामदेवाला गुरू नंतर विसोबा खेचरांच्या रूपाने भेटला.

तालमूदातल्या या प्राचीन दाखल्यांमुळे प्रत्येक ज्यू विद्यार्थी हजारो वर्षे जोडीनेच शिकत आला असा समज सहज होतो, पण तो इतिहासाला धरून नाही. शाऊल श्टाम्पफर या इतिहासकाराने लिथुएनियातील येशिवांचा जो अभ्यास केला त्यातून असे दिसते की, १८०३ साली स्थापन झालेल्या आणि १८९२ साली बंद पडलेल्या वोलोझिनच्या विख्यात येशिवेत एकट्याने ग्रंथ उकलण्याचीच प्रतिष्ठा मोठी होती, आणि जोडीने शिकणे ही सर्वांसाठीची ठरीव रीत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात रुळली. एकट्याला पान न झेपणारे विद्यार्थीही मोठ्या संख्येने येशिवेत येऊ लागले, हे त्यामागचे एक कारण. तालमूदाचे पान एकदा पाहिले की ही गरज कळते: मधोमध मूळ संहिता, आतल्या बाजूस अकराव्या शतकातील राशी याची टीका, बाहेरच्या बाजूस त्याच्या नंतरच्या पंडितांच्या तोसाफोत नावाच्या टिपा, भाषा अरामी आणि हिब्रूची सरमिसळ, स्वरचिन्हे नाहीत, आणि वाक्य प्रश्न आहे की उत्तर हे सांगणारे विरामचिन्हही नाही. त्यामुळे वाचणाऱ्याच्या आवाजाच्या हेलकाव्यावरच अर्थ ठरतो, आणि हेल चुकला तर ते सांगायला ऐकणारा लागतो. शब्द जुना, कल्पना जुनी, पण सरसकट रीत अलीकडची, असे हे कूळ आहे. पुष्कळशा ‘पूर्वापार’ चालींची हकिकत अशीच असते.

पोटोक (१९२९–२००२) हे न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढले, १९५४ साली रब्बी झाले आणि अमेरिकी सैन्याचे धर्मोपदेशक म्हणून कोरियात राहून आले. ‘द चोझन’ ही त्यांची पहिलीच प्रकाशित कादंबरी. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग वस्तीत १९४४ साली ती सुरू होते. सॉफ्टबॉलच्या सामन्यात डॅनी सॉन्डर्सने टोलवलेला चेंडू रूव्हेन माल्टरच्या चष्म्यावर बसतो, डोळ्यात काच जाते, आणि इस्पितळातल्या भेटीतून वैराची मैत्री होते. डॅनी हा हसीद पंथातल्या, म्हणजे अठराव्या शतकात पूर्व युरोपात उदयाला आलेल्या आणि गुरुगादी मानणाऱ्या भक्तिपंथातल्या, एका गुरूचा वारस आहे. रूव्हेनचे वडील तालमूदाचे आधुनिक, चिकित्सक अभ्यासक आहेत. डॅनीचा बाप मुलाशी फक्त तालमूदाच्या अभ्यासापुरते बोलतो, एरवी मौन पाळतो. इस्रायलच्या स्थापनेचा प्रश्न पेटलेला असताना दोन्ही घरांच्या राजकीय मतांतील तेढीमुळे मुलांचे बोलणेही बंद पाडले जाते.

अमेरिकेत कादंबरीचा खप झपाट्याने वाढला, राष्ट्रीय ग्रंथपुरस्काराच्या अंतिम यादीत तिचे नाव आले, १९८१ साली जेरेमी केगन यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि शाळांच्या वाचनात ती रुजली. ज्यू नसलेल्या वाचकांनी तीत आपापल्या घरातला बाप-लेकाचा अबोला आणि धर्म व शिक्षण यांची ओढाताण ओळखली. तक्रारीही निघाल्या. मौन पाळून मुलाला वाढवणे ही हसीदांची रीत नाही, असे तो समाज जाणणाऱ्यांनी निदर्शनास आणले. पात्रे फार सज्जन आणि संवाद ताठर आहेत असे समीक्षक म्हणाले. स्त्रिया जवळजवळ नाहीतच, डॅनीच्या बहिणीला नावसुद्धा नाही, हा आक्षेप तर निरुत्तर करणारा आहे, आणि जोडीने वाचण्याची ही रीत दीर्घकाळ फक्त मुलग्यांच्या वाट्याला आली होती हे लक्षात घेतल्यास तो कादंबरीपुरता उरतही नाही.

गोष्ट रंगात आली की मध्येच तालमूद फार येतो, ही तक्रार मात्र टिकत नाही. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या, दुपारी डॅनीचा बाप प्रवचनात मुद्दाम चूक पेरतो, मुलाने ती सर्वांदेखत पकडायची असते, आणि पाहुणा आलेला रूव्हेनही त्या परीक्षेत सापडतो. पुढे ही दोघे मुले बापासमोर बसून तासन्‌तास भांडतात. त्या पानांत मैत्री थांबलेली नसते, ती तेथेच घडत असते. डॅनी वाचनालयात लपूनछपून मनोविश्लेषक फ्रॉइड वाचतो तेव्हा त्याची विलक्षण स्मरणशक्ती कामाला येत नाही. तालमूदासारखा एकेक ओळ थांबून, टीकाग्रंथ जवळ ठेवून त्याचा अभ्यास करायला हवा हे त्याला उमगते, आणि येशिवेची रीत येशिवेबाहेरच्या ग्रंथाला लागू होते. बापाचे मौन हसीदांच्या रीतीचे नसेलही, पण ज्या घरात बोलणे म्हणजे केवळ ग्रंथावरचा वाद, त्या घराचे टोक म्हणून ते कादंबरीत शोभते. शेवटी बाप मौन सोडतो तेही रूव्हेनकडे पाहून, जणू दोघांच्या बोलण्याला तिसरा साक्षी लागतोच.

महाराष्ट्रातल्या ज्यूंपर्यंत, म्हणजे बेने इस्रायल समाजापर्यंत, जोडीने वाचण्याची ही रीत पोचली नव्हती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवताना शनिवारी काम बंद ठेवल्यामुळे त्यांना शनवार तेली हे नाव पडले. शब्बाथ, सुंता आणि खवल्यांच्या माशांचा नियम त्यांनी टिकवला, तालमूद मात्र त्यांच्याकडे नव्हता. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी उपासनाविधी शिकवले आणि मुंबईत जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून दिले. १८४६ साली मुंबईत शिळाछापावर हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हे समाजाचे वाचन घडत असतानाच १८८० च्या सुमारास त्याने आपले कीर्तन उभे केले. अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने साकी-दिंडीच्या चालींवर, पूर्वरंग-उत्तररंगासह मराठीत होऊ लागली. येशिवेत ग्रंथ दोघांत वाचला जातो. कोकणी ज्यूंनी तो सभेत ऐकला, आणि हरकत घेणाऱ्या जोडीदाराच्या जागी टाळ धरणारे साथीदार आले.

तालमूद नसण्याची किंमत त्यांना नंतर मोजावी लागली. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांचे पूर्वज तालमुदी नियमांनुसार घटस्फोट देत नव्हते, तेव्हा त्यांच्या वंशशुद्धीची खात्री काय, असा प्रश्न काढून तेथील मुख्य रब्बीपीठाने १९६२ साली त्यांच्या विवाहांआधी मागल्या पिढ्यांची चौकशी करण्याचे आदेश दिले. समाजाने त्याविरुद्ध मोर्चे काढले, धरणे धरले, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यूच आहेत असे जाहीर केल्यावर बेने इस्रायलांना वेगळे काढणारी ती शब्दरचना रब्बीपीठाला मागे घ्यावी लागली.