रात्रीच्या विमानाचे दिवे : सोनेगावच्या टपालापासून घरी बांधलेल्या विमानापर्यंत

विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा दिवा, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा, ही मांडणी जहाजांकडून आली. एकोणिसाव्या शतकातच समुद्रावरच्या आगबोटींना अशा रंगांचे दिवे लावण्याची सक्ती झाली होती. १९१९च्या पॅरिस करारात विमानांसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांनी तीच पद्धत उचलली. तांबडा आणि हिरवा दिवा नाकाच्या रोखापासून आपापल्या बाजूला ११० अंशांत दिसावा, शेपटीचा दिवा मागच्या १४० अंशांत दिसावा, अशी विभागणी झाली. तिन्ही मिळून ३६० अंशांचे वर्तुळ पुरे होते, म्हणून कोणत्याही बाजूने पाहिले तरी निदान एक दिवा दिसतोच.

हे दिवे वैमानिकाला वाट दाखवण्यासाठी नसतात. आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत, हे ते दुसऱ्या वैमानिकाला सांगतात. समोर तांबडा आणि हिरवा दोन्ही दिसले, तर विमान तोंडावर येत आहे. नुसता पांढरा दिसला, तर आपण त्याच्या मागे आहोत. उजवीकडून तांबडा दिवा आडवा सरकताना दिसला, तर वाट आपणच सोडायची, कारण उजव्या हाताच्या विमानाला अग्रहक्क असतो. वाट दाखवण्याचे काम जमिनीवरच्या दिव्यांचे. १९२१च्या फेब्रुवारीत अमेरिकेत रात्रीच्या टपालाची चाचणी झाली, तेव्हा वैमानिक जॅक नाइटला वाटेवर पेटवलेल्या शेकोट्यांचा आधार घ्यावा लागला. फिरत्या दीपस्तंभांची रांग त्यानंतर दोन-तीन वर्षांनी उभी राहिली. भारतात जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले, ते दिवसाउजेडी.

भारतात या दिव्यांची खरी कसोटी नागपूरला लागली. शहराच्या दक्षिणेकडे वर्धा मार्गालगतचा सोनेगावचा तळ पहिल्या महायुद्धाच्या काळातला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने तो वापरला. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली चार विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या गावी परतत. संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या सकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचू लागले. देशाचा मध्य म्हणून नागपूर निवडले गेले, आणि त्यामुळेच चार दिशांची विमाने एकाच तासाला एकाच ठिकाणी अंधारात जमू लागली. तांबड्या-हिरव्याचा हिशेब चटकन करता येणे इथे फार मोलाचे होते.

या योजनेमागे दळणवळण मंत्री रफी अहमद किदवई होते. टाटांचा तिला विरोध होता. रात्रीच्या उड्डाणासाठी जमिनीवर लागणाऱ्या सोयी अपुऱ्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ही हरकत गंभीर होती, आणि ती केवळ धंद्याच्या स्पर्धेतून आली असे मानणे अन्यायाचे ठरेल. आरंभी ही सेवा इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने चालवली, नंतर हिमालयन एव्हिएशन आणि डेक्कन एअरवेजने. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाल्यावर ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या रात्री नागपूरहून उडालेले डाकोटा विमान लगेच कोसळले. १३ जण मेले, फक्त वैमानिक वाचला. नुकसानभरपाईचा एक दावा पुढे कलकत्ता उच्च न्यायालयात गेला. डाकोटाच्या पंखांत उतरतानाचे झोत होते, पण असा झोत जवळची जमीन दाखवतो. संकटात उतरायची वेळ आली, तर त्याच्या उजेडात दूरचे मोकळे शेत शोधता येत नाही. सत्तरच्या दशकात ही सेवा बंद झाली.

दरम्यान दिवेही बदलले. विमानांचा वेग वाढला, तसे स्थिर दिवे अपुरे पडू लागले. दूरचा स्थिर दिवा ताऱ्यांत आणि गावच्या दिव्यांत हरवतो, लुकलुकणारा मात्र नजरेत भरतो. म्हणून पन्नाशीच्या दशकात पाठीवर आणि पोटाखाली फिरते तांबडे दिवे आले. पुढे झेनॉन वायूच्या नळीतून क्षणभर लखलखणारा पांढरा स्ट्रोब आला. हॅरॉल्ड एजर्टन यांनी दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या हवाई छायाचित्रणासाठी वापरलेल्या तंत्राचाच तो वारसा.

घरी विमान बांधणाऱ्याला या सगळ्याचे ओझे दीर्घकाळ वाहावे लागले. तारेचे दिवे विजेला हावरे, तर स्ट्रोबला उच्च दाबाचा वीजपुरवठा लागे आणि त्याची खरखर रेडिओत उतरे. एलईडीने हे दोन्ही त्रास बरेच कमी केले. तरी दिवा बसवण्याचे कसब उरतेच. तो वैमानिकाच्या डोळ्यांवर चमकू नये, फिरत्या पंख्यावर परावर्तित होऊ नये आणि रंगांच्या कोनांची सीमा अचूक असावी. ढगात किंवा धुक्यात स्ट्रोब बंद ठेवतात, कारण चमक पांढऱ्या भिंतीसारखी अंगावर परत येते. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाच्या चाचणीची उड्डाणे दिवसाच होतात. त्यानंतर ठरलेले दिवे आणि उपकरणे असतील, तर रात्रीची मुभा मिळते.

महाराष्ट्रात कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. अशा विमानाला भारतात दिवे लावले तरी रात्र सहज मोकळी होत नाही. डोळ्यांनी पाहून केले जाणारे उड्डाण सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी २० मिनिटांपर्यंत करता येत नाही. विमानतळाच्या आसपासच्या उड्डाणासाठी हवाई वाहतूक नियंत्रण सूट देऊ शकते. एरवी रात्री उडायचे, तर उपकरणांच्या आधारे उडण्याची परवानगी आणि त्यासाठी लागणारी सामग्री हवी.