सामन्याच्या दिवशीं कूपरेज

विद्यार्थ्यांच्या ऐतिहासिक सहली निघतात त्या बहुधा किल्ल्यांकडे, लेण्यांकडे किंवा समाध्यांकडे. भंडारा जिल्ह्यांतील नाकाडोंगरीच्या मुलांना आंबागडचा किल्ला जवळ. तेथें गुरुजींनीं तटाकडे बोट दाखवितांच इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो. पण याच मुलांची तुकडी मुंबईस आली आणि तिला कूपरेजच्या फुटबॉल-मैदानावर नेलें, तर तिला दाखवावयाचें काय? तेथें ना बुरूज, ना शिलालेख. खेळ नसेल त्या दिवशीं कुंपणाआडचें एक पटांगण तेवढें दिसेल. म्हणून तेथें जावें तें सामन्याच्या दिवशींच.

चर्चगेट स्टेशनावर उतरून ओव्हल मैदानाच्या कडेनें दक्षिणेस चालूं लागलें कीं, डाव्या हातास, मैदानापलीकडे, राजाबाई मनोरा व हायकोर्टाची इमारत दिसते. मुंबईच्या कोटाबाहेरची ही भूमि एके काळीं मुद्दाम मोकळी राखलेली होती. तोफांच्या माऱ्यापुढें शत्रूस आडोसा मिळूं नये, हा त्यांतील हेतु. १८६२ नंतर गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत कोटाचे तट पाडले गेले. मोकळ्या भूमीचे कांहीं तुकडे मात्र मैदानें म्हणून उरले. कूपरेज त्याच टापूंत आहे. कूपर म्हणजे लांकडी पिंपें करणारा कारागीर. जहाजांसाठीं पिंपें करणाऱ्या या कारागिरांवरूनच जागेस हें नांव पडलें.

पुढें हें नांव रोव्हर्स चषकाशीं कायमचें जोडलें गेलें. ही स्पर्धा मुंबईंत १८९१ सालीं सुरू झाली व पहिला चषक वूस्टरशायर पलटणीनें जिंकला. त्यानंतर अनेक वर्षें त्यावर गोऱ्या पलटणींचीच सत्ता होती. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस दोन विरुद्ध एक गोलांनीं हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, त्या संघांतील बहुतेक गडी अनवाणी खेळले होते. हाच संघ १९२३ सालीं रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, पण डरहॅम पलटणीनें त्यास चार विरुद्ध एक असें हरविलें. अखेर १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स संघानें चषक जिंकला. हिंदी नागरिकांच्या संघास हा मान मिळण्यास ४६ वर्षें लागलीं! १९४० सालीं तो कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनें मिळविला, आणि १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें हैदराबाद पोलिसांनीं. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्यें ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविणारा नेव्हिल डिसूझाही मुंबईच्याच मैदानांचा खेळाडू.

या सनावळींत मुलांनीं ओळखावयाचें तें एवढेंच, कीं राज्यकर्ता व प्रजा यांस मैदानाबाहेर एकच तराजू नव्हता. आंत मात्र अकरांसमोर अकराच उभे राहत आणि पंचाची शिटी दोघांनाही सारखीच ऐकावी लागे. प्रत्यक्ष सामना चालू असतां, गोल होतांच सारा प्रेक्षकवर्ग उठून उभा राहतो, तेव्हां ही गोष्ट जितकी मनांत भरते तितकी ती पाठ्यपुस्तकानें भरत नाहीं.

एकविसावें शतक उजाडतांच रोव्हर्स स्पर्धा बंद पडली, आणि येथेंच या स्थळाची खरी चिंता आहे. किल्ला ओस पडला तरी किल्लाच राहतो. मैदान ओस पडलें कीं ती नुसती जागा होते, आणि मुंबईसारख्या शहरांत मोकळ्या जागेवर नजर ठेवणारे पुष्कळ असतात. मैदानाचें रक्षण शिपाई करीत नाहींत. तें खेळणारे आणि पाहणारे करतात.

अशा सहलीनंतर मुलांस एक काम अवश्य सांगावें. त्यांनीं आपल्या गांवच्या पटांगणावर प्रथम कोण खेळलें, कोणाशीं खेळलें, हें वडीलधाऱ्यांस विचारून लिहून काढावें. इतिहासाचा तो धडा कूपरेजच्या धड्याहून कमी मोलाचा ठरणार नाहीं.