अळणी भाताचे डॉक्टर

किडनी मंदावत चाललेल्या माणसाला मी वरणाची वाटी अर्धी करायला सांगते, तेव्हा घरच्यांचे चेहरे उतरतात. वॉल्टर केम्पनर यांच्या ताटाबद्दल मी त्यांना सांगत नाही. ऐकून ते उठूनच जातील.

केम्पनर बर्लिनचे, ज्यू घराण्यातले. आई लीडिया राबिनोविच रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम केलेल्या जंतुशास्त्रज्ञ. हिटलर आल्यावर केम्पनर जर्मनी सोडून नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात आले. तेव्हा किडनीच्या रुग्णांसाठी डायलिसिस नव्हतं आणि वाढलेल्या रक्तदाबावर धड औषधही नव्हतं. आजारी किडनीवरचा प्रथिनांचा भार उतरवावा, हा केम्पनरांचा विचार. १९३९ पासून ते रुग्णांना भात देऊ लागले. दिवसाला २५० ते ३५० ग्रॅम तांदूळ, पाण्यात किंवा फळांच्या रसात शिजवलेला. मीठ नाही, दूध नाही, तूप नाही. सोबत फळं आणि साधारण १०० ग्रॅम साखर. डाळी, शेंगदाणे, खजूर बंद. तहानसुद्धा रसावरच भागवायची. प्रथिनं जेमतेम २० ग्रॅम, सोडियम १५० मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या एका पापडातही याहून जास्त निघू शकतं!

सुरुवातीला हे पथ्य थोडेच दिवस देत. १९४२ मध्ये किडनीच्या जुन्या दुखण्याची एक ३३ वर्षांची बाई दोन आठवड्यांनी यायची होती, ती दोन महिन्यांनी आली. डॉक्टरांचे जर्मन वळणाचे उच्चार तिला कळलेच नव्हते. रक्तदाब १९०/१२० वरून १२४/८४ वर आला होता आणि डोळ्यांच्या पडद्यावरचे रक्तस्राव गेले होते. तिथून पुढे पथ्य महिनोन्‌महिने चालू लागलं.

केम्पनर रुग्णाच्या शब्दावर विसंबत नसत. लघवीतलं क्लोराइड मोजायचे. चोरून खारं खाल्लं की पकडलं जायचं, आणि मग बोलणी. मला त्यांचा हा खाक्या आवडत नाही. पथ्य त्याच्याशिवायही पाळलं जातं. त्यांच्याच काळात स्टॅनफर्डचे टॉमस ॲडिस कमी प्रथिनांचं, बिनमिठाचं पथ्य देत होते. १९४१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग सुजलेल्या अंगानं त्यांच्याकडे आले. पथ्याचा सगळा हिशेब पत्नी एव्हा हेलन यांनी घरी सांभाळला. पॉलिंग १९९४ पर्यंत जगले, दोन नोबेल पारितोषिकं घेऊन.

केम्पनरांनी तुलनेसाठी दुसरा गट कधी ठेवला नाही. त्यामुळे गुण प्रथिनं तोडल्याचा, मीठ तोडल्याचा की वजन उतरल्याचा, हे सुटं करून सांगता येत नाही. माझा कौल मिठाकडे. १९५८ मध्ये लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारी क्लोरोथायझाइडची गोळी बाजारात आली आणि एवढा अळणी भात खायला कोण तयार होणार? केम्पनरांकडे पुढे वजन उतरवायला येणाऱ्यांचीच रीघ लागली. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ८४० रुग्णांच्या मोठ्या अभ्यासातही कमी प्रथिनांचा फायदा ठामपणे दिसला नाही.

फळांचा तेवढा रस तर आज मी किडनीच्या आजाराच्या पुढच्या टप्प्यातल्या कुणालाच देणार नाही. पोटॅशियम चढलं तर हृदयच थांबू शकतं. वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम, एवढं मी धरते. वरण अर्धी वाटी राहतं. लोणचं मात्र मी पानातून उठवते, आणि खरी भांडणं होतात ती तिथेच.