रोमन नदीउतारांची स्थळनामे
रोमन साम्राज्यातील रस्ते जेथे नद्या ओलांडीत, तेथे उदयास आलेल्या वसाहतींची नावे. रस्त्याची दिशा बहुधा सोयीच्या उताराच्या जागेवरून ठरे. अशा जागी पूल वा नावा ठेवीत, संरक्षणासाठी शिबंदी येई आणि तिच्याभोवती बाजार वाढे. त्यामुळे उताराचे सामान्यनामच पुष्कळदा गावाचे विशेषनाम बने.

लॅटिनमधील ‘ट्रायेक्टुम’ (पलीकडे जाण्याची जागा) हा शब्द ‘पलीकडे नेणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. इ. स. ४७ च्या सुमारास ऱ्हाईनच्या दक्षिण तीरावर उभारलेल्या ठाण्यास हे नाव होते. ‘ट्रेख्ट’ असे त्याचे रूपांतर झाले आणि त्यावरून यूट्रेक्ट हे नाव आले. म्यूज (मास) नदीवरील मास्ट्रिख्ट या नावात नदीचे नाव व हाच शब्द एकत्र आहेत. यूट्रेक्टमधील ‘यू(ट)’ हे पद जुन्या डच भाषेतील असून त्याचा अर्थ ‘प्रवाहाच्या खालच्या बाजूचे’ असा करतात. मध्ययुगीन लेखकांनी मात्र त्यात लॅटिन ‘उल्ट्रा’ (पलीकडे) पाहून ‘उल्ट्रायेक्टुम’ हे रूप रूढ केले. म्हणून लॅटिन दिसणारे प्रत्येक रूप रोमनकालीन मानणे योग्य ठरत नाही.

‘पोन्स’ म्हणजे पूल. टाइन नदीवरील पुलास हेड्रिअन (कार. ११७–१३८) या सम्राटाच्या कुलनामावरून पोन्स एलिअस हे नाव मिळाले. रोमन सत्तेनंतर ते मागे पडले व १०८० मध्ये बांधलेल्या नव्या किल्ल्यावरून तेथील नगर न्यूकॅसल म्हणून ओळखले जाऊ लागले. फ्रान्समधील पाँत्वाज या नगराचे जुने नाव ब्रीव्हा इसारी होते. त्यातील ‘ब्रीव्हा’ हा पूल या अर्थाचा केल्टिक शब्द. पुढे त्याची जागा लॅटिन शब्दाने घेतली. अर्थ, ‘वाज नदीवरील पूल’, तोच राहिला. येथे नावाचे ध्वनिपरिवर्तन नव्हे, तर भाषांतर झाले.

नाव टिकले, तरी त्यामागील भूगोल टिकतोच असे नाही. ऱ्हाईनचा मुख्य ओघ कालांतराने दक्षिणेकडील लेक शाखेकडे वळला आणि ११२२ मध्ये बांध घालून यूट्रेक्टकडे येणारी जुनी शाखा अडविण्यात आली. ज्या महानदीच्या उतारावरून नगरास नाव मिळाले, ती आज तेथून वाहत नाही. लुप्त प्रवाह व मार्ग यांचा शोध घेताना स्थळनामे म्हणूनच उपयुक्त ठरतात; मात्र जुने उल्लेख व उत्खनन यांच्याशी ती पडताळून घ्यावी लागतात.