खाणजमिनीवरील भाजीपाला लागवड

उघड्या खाणीतील खनिज संपल्यावर खड्डा भरून, उतार देऊन आणि वर माती पसरून पुन्हा तयार केलेल्या जमिनीत शेणखत, कंपोस्ट व रासायनिक खते यांच्या आधारे भाज्या पिकवण्याची पद्धती. कोळसा, लोहखनिज, मँगनीज इत्यादींच्या खाणींनी व्यापलेली जमीन शेतीकडे परत आणण्याचा हा एक मार्ग आहे.

जमिनीचे दोष : खनिजावरील खडक फोडून काढलेल्या मालाच्या ढिगाला खाणभागात ‘ओबी डंप’ म्हणतात. या मालात सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतात. त्यामुळे नत्राचा साठा नसतो, सूक्ष्मजीव थोडे असतात आणि पाणीही धरून राहत नाही. डंपर व डोझर यांच्या वजनाने थर दबतात आणि मुळे खोल जात नाहीत. लोहाची ऑक्साइडे स्फुरद घट्ट धरून ठेवतात. दिलेले स्फुरद मातीत असूनही पिकाला मिळत नाही.

कोळशाच्या थरांलगत पायराइट असल्यास हवा व पाणी लागून गंधकाम्ल तयार होते. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम व मँगनीज विरघळून मुळांना अपाय करतात. मालात पायराइटच्या रूपातील गंधक १ टक्का असल्यास हे आम्ल निष्प्रभ करण्यासाठी दर १,००० टन मालाला सुमारे ३१ टन शुद्ध चुनखडी लागते. एक हेक्टरच्या १५ सेंमी. थराचे वजन साधारण २,००० टन धरले, तर ही गरज ६० टनांवर जाते. सगळेच डंप मात्र आम्लधर्मी नसतात. म्हणून चुना टाकण्याआधी माती परीक्षण अपरिहार्य ठरते.

खतांचे कार्य : रासायनिक खत त्या हंगामाच्या पिकाला अन्न देते, माती घडवण्याचे काम सेंद्रिय खत करते. शेणखतात नत्र सुमारे ०.५ टक्का, तर कोंबडीखतात ३ टक्क्यांच्या आसपास असते. हेक्टरी २० टन शेणखतातून सुमारे १०० किलो नत्र जमिनीत जाते, पण पहिल्या वर्षी त्याचा थोडाच भाग पिकाला मिळतो. उरलेली गरज युरियाने (नत्र ४६ टक्के) हप्त्याहप्त्याने भागवतात. सिंगल सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून ओळीत दिल्यास स्फुरदाचा मातीशी संपर्क कमी होतो आणि ते अडकण्याचे प्रमाण घटते. कच्चा लाकडी भुसा एकटा टाकू नये. तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतील नत्र वापरतात आणि पीक पिवळे पडते.

ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांनी कॉर्नवॉलमधील चिनी मातीच्या खाणींच्या टाकाऊ मालावर मूलभूत काम केले. अशी जमीन वनस्पतींना स्वबळावर पोसू लागण्यासाठी तिच्यात हेक्टरी सुमारे १,००० किलो नत्राचा साठा व्हावा लागतो, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. एवढे नत्र केवळ शेणखतातून द्यायचे तर २०० टन शेणखत लागेल. म्हणूनच हवेतील नत्र जमिनीत आणणाऱ्या शेंगावर्गीय पिकांना येथे पर्याय नाही.

लागवडीचा क्रम : प्रथम सबसॉयलरने दबलेला थर फोडतात, मोठे दगड वेचतात आणि सामू ६ ते ७ च्या दरम्यान आणतात. पहिली दोन-तीन वर्षे गवत व शेंगावर्गीय पिके घेतात. आपल्याकडे ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडणे सोयीचे पडते. त्यानंतर टोमॅटो, वांगी, मिरची, भोपळा, चवळी अशा फळभाज्या व शेंगभाज्या गादीवाफ्यावर, आच्छादन व ठिबक वापरून घेता येतात. गाजर व मुळा यांना खोल, दगडविरहित माती लागते, म्हणून त्यांचा क्रम शेवटी येतो.

जर्मनीतील ऱ्हाइनलँडच्या लिग्नाइट खाणींत हाच संयम दिसतो. तेथे सुमारे २ मीटर जाडीचा लोएस मातीचा थर पसरतात, तीन वर्षे लसूणघास घेतात, मग धान्य पिकवतात आणि सुमारे सात वर्षांनी जमीन शेतकऱ्यांच्या हाती देतात.

सुरक्षितता : धातूंच्या खाणींची जमीन कोळसाखाणीपेक्षा अधिक धोक्याची असते. पालेभाज्या कॅडमियम सहज शोषतात. फळभाज्यांत ते तुलनेने कमी उतरते. जपानमधील कामिओका खाणीच्या कॅडमियमने जिंझू नदीकाठची भातशेती दूषित होऊन ‘इताई-इताई’ हा हाडांचा भीषण विकार पसरला. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार पालेभाज्यांत किलोमागे कॅडमियम ०.२ व शिसे ०.३ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. मातीबरोबर काढलेल्या भाजीचीही तपासणी म्हणूनच आवश्यक आहे. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी कच्चे खत आणि काढणी यांत किमान १२० दिवसांचे अंतर लागते.

कायदे व प्रयोग : अमेरिकेत ३ ऑगस्ट १९७७ रोजी झालेल्या कायद्याने वरची माती वेगळी काढून परत पसरणे खाणचालकांवर बंधनकारक केले. अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत मुळात माती उथळ असल्याने तेथे खडकाच्या भुग्यापासून माती घडवण्याचे प्रयोग झाले. व्हर्जिनियात १९८२ मध्ये मांडलेल्या प्रयोगात रासायनिक खत, लाकडी भुसा आणि शहरी मैल्याचे खत यांच्या परिणामांची तुलना केली गेली. भारतात खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ मध्ये वरची माती राखून वापरण्याची तरतूद आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगांवर ‘नीरी’ या संस्थेने साखर कारखान्यातील प्रेसमड आणि जिवाणू व बुरशीखते वापरून वृक्ष वाढवले. गोव्यातील लोहखनिजाच्या डंपांवर काजू व ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्यात आली. हे वृक्षारोपणाचे यश आहे. खाण्याच्या भाजीसाठी निकष याहून कडक हवेत.

मूल्यमापन : भरपूर खत ओतून एका हंगामात चांगली तोडणी मिळवता येते. जमीन खरोखर सुधारली की नाही, हे खताची मात्रा घटवल्यावरही उत्पन्न टिकते का, सेंद्रिय कर्ब दरवर्षी वाढतो का आणि भाजी तपासणीत निर्दोष ठरते का, यावरून ठरवावे. या तीन कसोट्यांना उतरेपर्यंत जमिनीच्या देखभालीचा खर्च खाणचालकाने सोसला पाहिजे. तो शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.